ग्रेज ॲनाटॉमीची चित्रं काढणाऱ्या कार्टरने मुंबईत बसून एका विचित्र पायाचं कोडं उलगडलं

ग्रेज ॲनाटॉमी म्हटलं की आजच्या पिढीला अमेरिकन टीव्ही सिरीज आठवते. डॉक्टर मंडळींना मात्र आठवतं ते एक जाडजूड पुस्तक. १८५८ साली लंडनमध्ये आलेल्या या पुस्तकाच्या आवृत्त्या आजही निघतात. सिरीजचं नाव म्हणजे त्याच पुस्तकाच्या नावावर केलेली कोटी.

पुस्तक लिहिलं हेन्री ग्रे यांनी, म्हणून ते ग्रेचं. पण त्या पहिल्या आवृत्तीत साडेतीनशेहून जास्त चित्रं होती आणि पुस्तक चाललं ते त्या चित्रांच्या जिवावर. ती काढणाऱ्या माणसाचं नाव होतं हेन्री व्हॅनडाईक कार्टर. पुस्तक बाजारात आलं तेव्हा हा गडी लंडनमध्ये नव्हताच. तो होता भायखळ्यात, आपल्या जे. जे. हॉस्पिटलला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये पोरांना शरीररचना शिकवत.

पुढची तीस वर्षं त्याने मुंबई, सातारा आणि काठियावाडात काढली. त्या काळात त्याने जे केलं ते पुस्तकातल्या चित्रांइतकंच मोठं आहे, पण त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

कार्टरचा जन्म १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार, समुद्रावरची गलबतं आणि वादळं रंगवणारे. पोराच्या नावातलं व्हॅनडाईक हे एका जुन्या थोर चित्रकाराच्या नावावरून आलेलं. कुटुंब स्कारबरोला राहायचं. घरात ब्रश आणि रंगांचाच कारभार, त्यामुळे चित्र काढायला त्याला वेगळं शिकावं लागलं नाही. पण चित्रकारीवर घर कसं चालतं तेही त्याने पाहिलं होतं, म्हणून पोटासाठी डॉक्टरकी धरली.

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये तो शिकला. नंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये सूक्ष्मदर्शकाचं काम शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सेंट जॉर्जेसमध्येच त्याची गाठ ग्रेशी पडली. ग्रे त्याच्यापेक्षा थोडा मोठा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी. दोघांनी मिळून सुमारे दीड वर्ष मृतदेहांचं विच्छेदन केलं. ग्रे लिहायचा, कार्टर काढायचा. तोवरच्या पुस्तकांत अवयवाच्या बाजूला आकडे किंवा अक्षरं असायची आणि त्यांचा अर्थ खाली कुठेतरी शोधावा लागायचा. कार्टरने स्नायूंची, नसांची नावं थेट त्या त्या भागावरच लिहिली. विद्यार्थ्यांचे किती तास त्याने वाचवले असतील, विचार करा.

आता पैशाचं बघा. ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड ठरले. कार्टरला एकदाच १५० पौंड, विषय संपला. वर आणखी एक गोष्ट. मुखपृष्ठाचं प्रूफ तपासताना ग्रेने कार्टरचं नाव स्वतःच्या नावापेक्षा बारीक टायपात करायला लावलं. त्या प्रूफाचा कागद टिकून राहिल्यामुळे हे आज आपल्याला कळतं, नाहीतर कोणाला पत्ताही लागला नसता.

कार्टर स्वभावाने भिडस्त. त्याची डायरीही टिकून आहे आणि ती सतत स्वतःला कोसणाऱ्या माणसाची आहे. आपण आळशी आहोत, श्रद्धेत कमी पडतो, आपल्या हातून काही होणार नाही, असाच सूर. अशा माणसाने भांडण कसलं करायचं? त्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा दिली आणि १८५८ च्या सुरुवातीला मुंबईचं जहाज पकडलं. आदल्या वर्षीच्या उठावाची धग अजून गेली नव्हती. पुस्तक छापून आलं त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर, म्हणजे लंडनमध्ये त्याचं कौतुक सुरू झालं तेव्हा चित्रकार साहेब मुंबईच्या पावसात होते.

मुंबईत त्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली, पण ते लग्न टिकलं नाही. इकडे ग्रेला पुस्तकाचं यश तीनच वर्षं बघायला मिळालं. आजारी पुतण्याची सुश्रूषा करताना त्याला देवी आल्या आणि १८६१ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ, त्या पायाकडे.

आपल्या देशात शेतकरी, गुराखी, लाकूडतोडे यांच्यात एक विचित्र दुखणं होतं. सुरुवात अगदी साधी. तळपायाला किंवा घोट्याजवळ एक गाठ, दुखत नाही, खुपत नाही. माणूस दुर्लक्ष करतो. महिने जातात, वर्ष जातं. पाय हळूहळू सुजत जातो, बेढब होतो. कातडीवर फोडासारखे उंचवटे येतात, त्यांना तोंडं पडतात आणि त्यातून पू येतो. त्या पुवात असतात बारीक दाणे. कोणाच्या पायातून काळे, बंदुकीच्या दारूसारखे. कोणाच्या पायातून पांढरट पिवळे, माशाच्या अंड्यांसारखे. आतली हाडं पोखरली जातात. तोवर माणूस चालेनासा झालेला असतो आणि सर्जनकडे पाय कापण्याशिवाय इलाज नसतो.

लोकांना हे दुखणं ठाऊक होतं. राजस्थानकडे त्याला कीडीनगरा म्हणायचे, म्हणजे मुंग्यांची वस्ती. कातडीवरची ती भोकं पाहिली की नाव किती चपखल आहे ते कळतं. मदुराईच्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरने १८४२ मध्ये त्याची नोंद केली आणि पुढे त्याच गावावरून इंग्रज डॉक्टर त्याला मदुरा फूट म्हणू लागले. पण नाव देणं वेगळं आणि रोग ओळखणं वेगळं. हे हत्तीपाय आहे का? हाडाचा क्षय आहे का? रक्तपितीचाच एखादा प्रकार आहे का? ज्याला जे वाटेल ते.

मुंबईत आल्यावर असे कापलेले पाय कार्टरच्या टेबलावर येऊ लागले. दुसऱ्या कोणी ते बरणीत घालून संग्रहालयात ठेवले असते. कार्टरने ते उभे चिरले. आत बघतो तर मांसातून आणि हाडातून बोगदे गेलेले, आणि बोगद्यांच्या टोकाला पोकळ्या. त्या पोकळ्यांत तेच दाणे ठासून भरलेले. त्याने ते सगळं रंगात उतरवलं, अगदी ग्रेच्या पुस्तकासाठी काढायचा तसं. मग दाणे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. काळ्या दाण्यांत त्याला धागे दिसले, एकमेकांत गुंतलेले, टोकाला फुगीर. हा पू नव्हता, हाडाचा चुराही नव्हता. ही बुरशी होती. भाकरीवर येते तशी जिवंत बुरशी, माणसाच्या हाडात घर करून बसलेली.

१८६० मध्ये त्याने मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे मांडलं आणि रोगाला नवं नाव दिलं, मायसेटोमा. बुरशीची गाठ, असा त्याचा ग्रीक अर्थ. आजही जगभर हेच नाव चालतं.

ही तारीख जरा डोक्यात धरा. १८६० म्हणजे क्षयाचा जंतू सापडायला अजून बावीस वर्षं होती. रोग सूक्ष्म जीवांमुळे होतात, हेच बहुतेक डॉक्टरांना मान्य नव्हतं. दूषित हवा, ओल, वाईट रक्त, आनुवंशिकता अशी कारणं चालायची. अशा वेळी भायखळ्यात बसून एक माणूस सांगतो की बाहेरची एक वनस्पतीसारखी वस्तू कातडीतून आत शिरते आणि पाय खाते.

आणि ती शिरते कुठून? मातीतून. अनवाणी पायात काटा मोडतो, त्या जखमेतून. म्हणूनच हा रोग शेतात राबणाऱ्यांचा.

अर्थात कार्टरचं सगळंच बरोबर निघालं असं नाही, आणि इथे गोष्ट जास्त मजेदार होते. पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांवर त्याला गुलाबी लालसर बुरशी उगवलेली दिसली. त्याला वाटलं, हाच तो गुन्हेगार, मोकळ्या हवेत फुललेला. इंग्लंडमधले बुरशीचे मोठे जाणकार बर्कली यांच्याकडे ती गेली. त्यांनी तिला कार्टरचं नाव लावून कायोनायफी कार्टेरी असं बारसंही करून टाकलं. पण ती निघाली उपरी, बरणीत हवेतून येऊन पडलेली. पुढे कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम या डॉक्टरांनी १८७५ च्या अहवालात कार्टरच्या सिद्धांतावरच शंका घेतली. बुरशी हे रोगाचं कारण नसून सडलेल्या मांसावर ती नंतर येत असावी, असा त्यांचा रोख होता.

कार्टरची दुसरी अडचण पिवळ्या दाण्यांची होती. काळ्या दाण्यात बुरशीचे धागे स्वच्छ दिसायचे, पिवळ्यात तसे दिसायचे नाहीत. इथे त्याला ते दोन्ही एकाच पोत्यात भरून टाकता आलं असतं. पण त्याने काळा प्रकार आणि फिकट प्रकार वेगळे नोंदवले आणि वेगळे रंगवले. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी कमाई. कारण १८९४ मध्ये व्हिन्सेंट नावाच्या फ्रेंच डॉक्टरने फिकट दाण्यांतून जंतू वाढवून दाखवला आणि तो बुरशी नव्हताच, धाग्यासारखा वाढणारा बॅक्टेरिया होता. म्हणजे दिसायला एक रोग, पण कारणं दोन. बॅक्टेरियावाला मायसेटोमा आज अँटिबायोटिक्सनी बरा होऊ शकतो. बुरशीवाला चिवट असतो, त्याला बुरशीविरोधी औषधं दीर्घकाळ द्यावी लागतात आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. डॉक्टरने आधी कोणता आहे ते ओळखलं नाही तर पेशंट भलतंच औषध घेत बसतो. दाण्याचा रंग आजही डॉक्टर आधी बघतात, आणि मग तपासणीने खात्री करतात.

१८६३ ते १८७२ कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मुंबईचं कॉलेज, संग्रहालय, सोबती सगळं मागे पडलं. पण ज्या रोगाने त्याला आता झपाटलं होतं त्याचे रुग्ण गावोगावी होते. तो रोग म्हणजे कुष्ठरोग, तेव्हाच्या बोलीत महारोग किंवा रक्तपिती.

याची सुरुवात मुंबईतच झाली होती. तिथल्या धर्मशाळेत राहणारे कुष्ठरोगी त्याने तपासले होते, मेलेल्यांचे हातपाय चिरून नसा पाहिल्या होत्या. कोपराजवळची नस दोरीसारखी जाड झालेली त्याला दिसली. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण इथल्या रुग्णांत ते कोणी इतकं बारकाईने दाखवलं नव्हतं. कातडीवरचा चट्टा आणि बधिर बोटं यांचा धागा तिथे होता. चट्टा पडतो तो कातडीवर, पण रोग बसलेला असतो नसेत. त्याच मुंबईत ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले आपले डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर वनस्पतीच्या औषधाचे प्रयोग करत होते, हेही जाता जाता सांगायला हवं.

तेव्हा सरकारी भूमिका काय होती? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये जाहीर केलं होतं की कुष्ठरोग संसर्गजन्य नाही. आनुवंशिक आहे, गरिबी आणि निकृष्ट अन्नाचा परिणाम आहे, असा एकूण सूर. सरकारलाही ते सोयीचं, कारण संसर्ग नाही म्हणजे वेगळी रुग्णालयं बांधायचा खर्चही नाही.

कार्टरला हे पटत नव्हतं. १८७२ मध्ये लांब रजा मिळाल्यावर तो थेट नॉर्वेला गेला. तुम्ही म्हणाल नॉर्वे कशाला? कारण त्या थंड, गरीब किनारपट्टीवर तेव्हा कुष्ठरोग मुबलक होता आणि बर्गेन शहरात त्याची युरोपातली सगळ्यात गंभीर रुग्णालयं होती. १८५६ पासून तिथे देशभरातल्या एकूण एक रुग्णाची नोंद ठेवली जात होती. तिथेच १८७३ मध्ये आर्मावर हान्सन नावाच्या तरुण डॉक्टरला रुग्णांच्या गाठींत काडीसारखे बारीक जंतू दिसले. कार्टर त्याच वर्षी बर्गेनमध्ये हान्सनला भेटला. बाकी युरोप अजून हान्सनकडे संशयाने बघत होता, तेव्हा मुंबई सरकारचा हा डॉक्टर त्याचं म्हणणं इंग्रजीत, भारतासंदर्भात मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक ठरला. १८७४ मध्ये नॉर्वेतल्या कुष्ठरोगावरचा त्याचा अहवाल आला. मायसेटोमावरचं रंगीत चित्रांचं पुस्तक आलं तेही त्याच वर्षी. मग त्याने इटली, ग्रीक बेटं, पॅलेस्टाईन पालथं घातलं, परत येऊन काठियावाडात गावोगाव रुग्ण मोजले, आणि पुन्हा लिहिलं.

त्याचं सांगणं होतं की रोग संसर्गजन्य आहे, नॉर्वेसारख्या नोंदी ठेवा, रुग्णांसाठी वेगळी रुग्णालयं काढा. रोगाचं कारण त्याने बरोबर ओळखलं. उपायाबद्दल मात्र आज बोलताना जरा थांबावं लागतं. औषध हाताशी नसताना वेगळं ठेवणं हाच एक मार्ग त्याला दिसत होता. पण पुढे १८९८ मध्ये कुष्ठरुग्णांना डांबण्याचा जो कायदा आला, तो याच विचाराच्या वाटेने आला. त्यात उपचारापेक्षा भिकाऱ्यांना रस्त्यावरून उचलण्यावर भर होता, आणि तो कायदा पुस्तकातून निघायला एकविसावं शतक उजाडलं. त्याचा सगळा दोष कार्टरवर टाकता येणार नाही, तो त्याआधीच वारला होता. पण त्याच्या युक्तिवादाचा वापर कसा होऊ शकतो याची कल्पना त्याला आली होती असंही दिसत नाही.

इथे एक कामाची गोष्ट. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज नाही, दुखत नाही, आणि तिथे कापूस फिरवला तरी कळत नाही, तर लाजू नका, घाबरू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. तपासताना डॉक्टर कोपराजवळची नस चाचपून बघतील. ती का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

मुंबईला परतल्यावर कार्टरकडे गोकुळदास तेजपाल हॉस्पिटल आलं, मग ग्रँट मेडिकलचं प्राचार्यपद. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईत लोटली आणि त्यांच्यात एक उलटून येणारा ताप पसरला. कार्टरने त्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू शोधले, माकडांना तो ताप देऊन खात्री केली आणि १८८२ मध्ये त्यावरही पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये हिवतापाचे परजीवीही त्याने रक्तात पाहिले.

१८८८ मध्ये निवृत्त होऊन तो स्कारबरोला परतला. १८९० मध्ये त्याला राणीचा मानद वैद्य केलं गेलं आणि त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. हा संसार सात वर्षांचा ठरला. मे १८९७ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

मायसेटोमा अजून संपलेला नाही. राजस्थान, तमिळनाडू, सुदान, मेक्सिको इथे आजही शेतकऱ्यांचे पाय त्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं ते २०१६ मध्ये, कार्टरच्या लेखानंतर १५६ वर्षांनी. आजही बहुतेक रुग्ण दवाखान्यात पोहोचतात ते भोकं पडल्यावर, कारण पहिली गाठ अजूनही दुखत नाही.